पोटात पाणी झाले म्हणजे टीबीच का?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात तरुण बाईचे पोट फुगले, बारीक ताप येऊ लागला, वजन उतरले की डॉक्टरच्या मनात पहिला विचार येतो तो पोटाच्या टीबीचा. पुष्कळदा तो खराही ठरतो. नुसते पोट दुखत असेल तर सिकलसेल आठवतो, डाव्या बरगडीखाली जड लागले तर मलेरियाने वाढलेली पानथरी. या गर्दीत एक आजार मात्र लपून राहतो. त्याचे नाव ल्युपस.

2016 च्या पावसाळ्यात, ऐन रोवणीत, ब्रह्मपुरीकडची चोवीस वर्षांची एक बाई माझ्याकडे आली. पोटात पाणी, संध्याकाळी ताप, अन्नावर वासना नाही. पोटातले पाणी तपासले, अहवाल टीबीकडे झुकणारा वाटला आणि मी औषधे सुरू केली. दोन महिन्यांत गुण नाही, उलट पायांवर सूज आली. पहिल्याच दिवशी जे विचारायला हवे होते ते मी तेव्हा विचारले. आई म्हणाली, "तेंदूपत्त्याले गेली का दरसाल हिचे गाल लाल होतेत. आमाले वाटलं ऊन लागलं." केस गळत होते, तोंडात फोड येत होते, सकाळी बोटे आखडत होती. लघवी परीक्षानळीत तापवली तर गोठून पांढरी झाली. इतके अल्ब्युमिन! तिला लगेच नागपूरला पाठवले. रक्ताच्या आणि मूत्रपिंडाच्या तपासणीत ल्युपस निघाला.

आपली प्रतिकारशक्ती रोगजंतूंशी लढण्यासाठी असते. ल्युपसमध्ये ती आपल्याच शरीरावर उलटते. दहा रुग्णांत नऊ बायका, त्याही बहुधा ऐन तारुण्यातल्या. सांधे, त्वचा आणि मूत्रपिंडे यांची चर्चा होते, पोटाची होत नाही. पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आली की पाणी साचते. मूत्रपिंडातून प्रथिने वाहून गेली तरीही साचते. कधी आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात. मग कळा, उलट्या, जुलाब, आणि सगळ्यांना वाटते अपेंडिक्स. वेळेवर स्टेरॉइड मिळाले तर ही सूज उतरते. उशीर झाला तर रक्त न पोचल्याने आतडे सडते, त्याला भोक पडते, आणि मग ऑपरेशनवाचून इलाज नसतो. क्वचित स्वादुपिंडालाही सूज येते.

इथे एक पेच आहे. टीबी असताना नुसते स्टेरॉइड दिले तर टीबी भडकतो. म्हणून आधी टीबीचा नीट शोध घ्यावाच लागतो. शिवाय टीबीच्या आयसोनियाझिड या गोळीनेही क्वचित ल्युपससारखी लक्षणे उमटतात. पण हे वाचून कोणी आपली टीबीची औषधे बंद करू नयेत! एएनए ही रक्ततपासणीही एकटी पुरत नाही. धडधाकट माणसातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामानाने लघवीची साधी तपासणी स्वस्त, तालुक्याच्या गावी होणारी, आणि पुष्कळ सांगणारी.

मुलांतही असाच एक आजार दिसतो. पोटात कळा येतात आणि पायांवर, ढुंगणावर दाबून न जाणारे लालजांभळे ठिपके उठतात. पोट दुखणाऱ्या मुलाची चड्डी उतरवून पाय पाहिल्याशिवाय त्याला अपेंडिक्स ठरवू नये, असे मी माझ्या कंपाउंडरलाही सांगून ठेवले आहे.

ल्युपसच्या रुग्णाला बहुधा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देतात. मलेरियामुळे आपल्याला चांगल्या ओळखीच्या क्लोरोक्विनचेच हे भावंड. ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते, म्हणून डोळे तपासून घेत राहावे. स्टेरॉइड बरे वाटले म्हणून एकदम सोडू नये, जिवावर बेतते. आणि स्टेरॉइड चालू असताना पोट दुखले तर दुखणे थोडे आहे म्हणून थांबू नये. आतड्याला भोक पडले तरी या औषधाने वेदना आणि ताप झाकले जातात.

त्या बाईचे पोट दीड महिन्यात उतरले. मूत्रपिंडांचे झालेले नुकसान मात्र पूर्ण भरून आले नाही. त्यात माझे दोन महिने आहेत. ती दर तीन महिन्यांनी लघवी तपासायला येते. मे महिन्यात तेंदूपत्त्याला आता तिची जाऊ जाते.