बाळाचं नाक चोंदतं तेव्हा

चि. मीना,

बाळाचं नाक रात्रभर घुरघुरतं आणि दूध पिताना तो मध्येच सोडून रडतो, हे फोनवर ऐकलं. अठरा दिवसांच्या लेकराला सर्दीच झाली असं लगेच धरू नकोस. एवढीशी लेकरं मुख्यतः नाकानंच श्वास घेतात, नाकपुड्या अगदी अरुंद. जरासा शेंबूड अडकला तरी घरभर ऐकू येतं. त्यातून सध्या तुमच्या रिठद गावात सोयाबीनची मळणी. थ्रेशरचा भुसा उडतो त्या बाजूच्या खोलीत त्याला निजवू नकोस.

औषधाच्या दुकानातून लहान मुलांचे सलाईनचे थेंब आण, नुसत्या मीठपाण्याचे. पाजण्याआधी बाळाला उताणं निजवून एकेका नाकपुडीत एक-दोन थेंब सोड. मिनिटभर थांब आणि मऊ सुती कापडाच्या टोकानं बाहेर आलेलं तेवढंच टिप. आत काही खुपसायचं नाही. पाजल्यावर घातलेस तर तो दूध ओकेल.

सासूबाई नाकात खोबरेल सोडायला सांगतील, ओवा-वेखंडाची धुरी धरतील. त्यांचा जीव आहे बाळावर. पण इथे ठाम नाही म्हण, हवं तर माझं नाव सांग. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं नि तिथं सूज धरते. धुरानं नाक आणखी चोंदतं. कापूर, व्हिक्सही नको. आणि सर्दीचं सिरप तर मुळीच नाही! २०२५ साली छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या विषारी औषधानं गेली, त्यातली काही आपल्या नागपुरात.

घुरघुर नाकातली की छातीतली, हे श्वास मोजून कळतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना हेच शिकवलं. बाळ शांत निजलं की झबलं वर कर, पोट वर आलं की एक, असं घड्याळ लावून पुरं मिनिट मोज. तान्ह्यांचा श्वास मध्येच थबकतो, म्हणून अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नकोस. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोज. तरी तेवढेच आले, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, ओठ निळसर दिसले, अंग तापलं किंवा गार पडलं, किंवा दूध ओढेनासा झाला, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन कर.

एकविसाव्या दिवशी आशाताई येतील. त्यांच्यासमोर एकदा श्वास मोजून दाखव आणि किती भरले ते मला कळव.

तुझी मावशी