मुखपृष्ठाचे मानधन : स्वतंत्र चित्रकारासाठी अनुभवाचे बोल

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकाराचे मानधन पहिले रफ दाखवण्यापूर्वी ठरले पाहिजे. मराठी पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या व्यवहारात बहुतेकदा उलटे घडते. प्रकाशक फोनवर कादंबरीचा विषय सांगतो, पंधरा दिवसांत कव्हर हवे म्हणतो आणि पैशांचे निघाले की ‘ते बघू नंतर, तुम्ही सुरुवात तर करा’ असे सांगतो. चित्रकार तीन रफ पाठवतो, त्यातले एक रंगवतो, लेखकाला पटेना म्हणून पार्श्वभूमी बदलतो, शीर्षकाला जागा हवी म्हणून आकृती खाली घेतो. सगळे झाल्यावर तो आकडा सांगतो तेव्हा पुस्तक छपाईला गेलेले असते आणि समोरचा देईल ते घ्यावे लागते. नवख्या चित्रकारांचे सर्वाधिक नुकसान याच एका संकोचामुळे होते.

आकडा काढण्याची सुरुवात स्वतःच्या खर्चापासून करावी. इतर चित्रकारांचे दर माहीत असणे उपयोगी असते, पण त्यांचे भाडे, त्यांची जबाबदारी आणि त्यांचा वेग वेगळा असतो. समजा, घरखर्च महिन्याला ३०,००० रुपये आणि रंग, कागद, सॉफ्टवेअर, वीज, संगणकाची झीज मिळून १०,००० रुपये. वर्षाचे झाले ४,८०,०००. आता हे पैसे वर्षाच्या सगळ्या दिवसांत वाटले तर हिशेब चुकतो. पावसाळ्यात दिवाळी अंकांची कामे एकदम येतात, त्यानंतरचे महिने ओसरते असतात. शिवाय भेटीगाठी, वाचन, वसुली आणि आजारपण यांचे पैसे कुणी देत नाही. प्रत्यक्ष पैसे मिळवून देणारे दिवस १५० धरले, तर एका दिवसाचा दर ३,२०० रुपये येतो. हस्तलिखित वाचण्यापासून अंतिम फाइलपर्यंत चार दिवस लागणाऱ्या मुखपृष्ठाचे किमान मानधन मग १२,८०० रुपये होते. यात बचत नाही, म्हातारपणाची तरतूद नाही. म्हणून याहून खाली उतरायचे असेल तर काम कमी करावे: रंगचित्राऐवजी रेखाटन, तीन रफांऐवजी एक.

मेहनतीइतकाच महत्त्वाचा भाग वापराचा आहे आणि तो सर्वात जास्त दुर्लक्षिला जातो. एका आवृत्तीसाठी काढलेले चित्र पुढे ई-बुकवर, ऑडिओबुकवर, पोस्टरवर, कधी टी-शर्टवरही दिसते. प्रत्येक वापराला स्वतंत्र किंमत आहे. येथे १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील एक तरतूद प्रत्येक चित्रकाराने नीट समजून घ्यावी. सामान्यतः कलाकृतीचा पहिला हक्कदार तिचा निर्माता असतो. परंतु कलम १७ नुसार मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेले रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र असेल, तर वेगळा करार नसल्यास काम सांगणारा हाच पहिला हक्कदार ठरतो. तोंडी व्यवहारावर विसंबणारा चित्रकार असा आपला हक्क नकळत गमावू शकतो. म्हणून काम स्वीकारतानाच ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, परवानगी पहिल्या छापील आवृत्तीपुरती’ असे लिहून दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात. मूळ चित्र कुणाकडे राहणार, हेही त्यातच यावे, कारण कागदाची मालकी आणि कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रकाशकाला सर्व हक्क हवेच असतील तर मानधन काही पटींनी वाढले पाहिजे. हा हक्क चित्रकाराच्या हयातीनंतरही ६० वर्षे टिकतो. हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. चित्राखाली आपले नाव असण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार मात्र हक्क विकल्यावरही कायम राहतो.

दुरुस्त्यांची मर्यादा कोटेशनमध्येच असावी. दोन फेऱ्या मानधनात धराव्यात, त्यापुढची दिवसाच्या दराने. रफ मंजूर झाल्यावर विषयच बदलला तर ते नवे काम. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, आणि मध्येच काम रद्द झाले तर ती परत मिळणार नाही हे आधीच कळवावे. रक्कम करकपातीपूर्वीची आहे हेही लिहावे, नाहीतर खात्यात कमी पैसे आल्यावर वाद होतो.

उरलेली रक्कम मोठ्या फाइली देण्यापूर्वी मिळाली तर उत्तम. तोवर कमी रिझोल्यूशनची प्रत दाखवावी. उधारी अटळ असेल तर उद्यम नोंदणी आधीच करून ठेवावी. ती विनामूल्य आहे. २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघू पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि राज्याच्या सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. त्यासाठी कामाची ऑर्डर, मंजुरीचे ईमेल, फाइल पोचल्याची नोंद आणि तारखेचे बिल जपून ठेवावे लागते.