सहा रेघांचा मासा आणि त्याचे शेजारी

आमच्या प्रयोगशाळेच्या उत्तरेकडील भिंतीस लागून जी काचेची टाकी ठेविली आहे, तिजपुढे मधल्या सुट्टीत विद्यार्थ्यांची दाटी होते, हे सर्वांस ठाऊकच आहे. टाकीत खारे पाणी आहे, खडकांची रास आहे, आणि त्या राशीतून दिवसभर आतबाहेर करणारा बोटभर लांबीचा एक मासा आहे. निळसर जांभळ्या अंगावर नारिंगी रंगाच्या सहा आडव्या रेघा, हिरवट शेपटी आणि तांबडे डोळे, असे त्याचे रूप आहे. गेल्या वर्षी या इवल्याशा प्राण्यावरून आमच्या वर्गात मोठा वाद झाला. त्याच्या एका शेजाऱ्याचा जीव गेला, आणि दोष कोणाचा हे ठरविण्याची वेळ आली. त्या वादातून आम्ही जे शिकलो ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम माशाची ओळख करून घेऊ. समुद्रातील माशांचे लॅब्रिडी नावाचे एक मोठे कुळ आहे. त्यातील माशांस इंग्रजीत रॅस म्हणतात. या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांतील नेपोलियन रॅस दोन मीटरपर्यंत वाढतो, तर आमचा सहारेघी फार तर दहा सेंटिमीटर होतो. पीटर ब्लेकर नावाच्या डच वैद्याने १८५७ साली त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. 'हेक्झाटीनिया' हे त्याच्या जातीचे नाव असून त्याचा ग्रीक भाषेतील अर्थ 'सहा फितींचा' असा होतो. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातील टुआमोटू बेटांपर्यंत प्रवाळखडकांच्या कपारींत तो राहतो. झिंग्यांच्या जातीचे अगदी बारीक जीव टिपून खाणे हा त्याचा उद्योग होय. प्रवाळावरील चपटे किडे व शिंपल्यांस त्रास देणाऱ्या बारीक गोगलगायी तो खातो, म्हणून खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणारे त्यास रखवालदार समजून मुद्दाम आणतात.

या माशाची झोपण्याची रीत मोठी मौजेची आहे. दिवा मालवला की तो कपारीत शिरतो व आपल्या अंगातील बुळबुळीत द्रवाचा पातळ कोश स्वतःभोवती विणून त्यात रात्र काढतो. पोपटमासेही असाच कोश करतात. रात्री रक्त शोषणाऱ्या बारीक किड्यांपासून त्या कोशाने त्यांचे रक्षण होते, असे शास्त्रज्ञांस प्रयोगांती आढळून आले आहे. म्हणजे ती त्यांची मच्छरदाणीच म्हणावयाची!

आता टाकीविषयी सांगू. आमची टाकी तीन फूट लांब असून तीत सुमारे १२० लिटर पाणी मावते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तेव्हा १२० लिटरांस किती क्षार लागतील, हे गणित सातवीच्या मुलांनी फळ्यावर सोडविले, आणि ४ किलो २०० ग्रॅम हे उत्तर तागडीने पडताळून पाहिले. खडकांनी जागा अडविल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून काहीसे कमीच लागले. जेवणातील मीठ मात्र येथे चालत नाही. त्यासाठी तयार मिळणारे सागरी क्षारमिश्रण शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवावे लागते. पाण्याची उष्णता २४ ते २७ अंश सेल्सियस राखावी. पाणी उडून जाते, पण क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरावी, खाऱ्या पाण्याने भरू नये. ही एक गोष्ट न कळल्यामुळे अनेकांच्या टाक्या बिघडतात.

पाणी तयार झाले की लागलीच मासे सोडावे, असे मुलांस वाटते. पण तसे करणे म्हणजे त्यांस विषात सोडणे होय. माशांच्या मलमूत्रापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया उत्पन्न होतो, आणि तो माशांस घातक असतो. खडकांवर व वाळूत वाढणारे काही सूक्ष्म जीव त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे सूक्ष्म जीव त्याचे नायट्रेट करतात, व ते बरेचसे निरुपद्रवी असते. हे न दिसणारे कामकरी पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज पाण्याची परीक्षा करून वहीत आकडे मांडणे, एवढेच आपल्या हाती असते. पुढे साठत जाणारे नायट्रेट घालविण्यासाठी दर पंधरवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावे.

एवढे सारे आम्ही नीट केले. चूक झाली ती पुढे. सहारेघी लहान, काटक व देखणा, म्हणून टाकीत आम्ही प्रथम त्यासच सोडले. दोन महिने तो एकटाच नांदला. मग क्लाऊनमाशांची जोडी आली. ती धीट असल्यामुळे निभावली. त्यानंतर फायरफिश नावाचा, पाठीवर लांब तुरा उभारणारा, स्वभावाने अगदी भित्रा असा मासा आणला. सहारेघी त्यास क्षणभर उघड्यावर येऊ देईना. तो अन्नासाठी बाहेर आला की हा बाणासारखा त्याजवर धावून जाई. चार दिवस तो खडकामागे उपाशी राहिला. पाचव्या दिवशी सकाळी शिपायास तो जमिनीवर मरून पडलेला आढळला. अन्न टाकण्यासाठी झाकणात ठेविलेल्या फटीतून रात्री त्याने उडी घेतली होती.

त्या दिवशी वर्गात शास्त्राचा पाठ झालाच नाही. "तो दुष्ट आहे, त्याला काढून टाका," असे काहींचे म्हणणे. "तो आपले घर राखत होता," असे काहींचे. शेवटी मागच्या बाकावरील, एरवी फारसे न बोलणाऱ्या एका मुलाने विचारले, "सर, पण त्याला सगळ्यांच्या आधी आणले कोणी?" या प्रश्नास आमच्यापाशी एकच उत्तर होते, आणि ते आम्ही सर्वांसमक्ष दिले.

विचार करून पाहा. समुद्रात एक मासा दुसऱ्याच्या अंगावर धावला, तर दुसरा चार हात दूर जातो व तंटा तेथेच मिटतो. तेथील शांतता अंतरामुळे टिकते. तीन फुटांच्या टाकीत पळून जावे तरी कोठे? जो आधी आला तो साऱ्या टाकीस आपले घर समजतो, आणि मागाहून येणारा प्रत्येक जण त्यास चोर वाटतो. हा त्याचा दुष्टपणा नव्हे, स्वभाव आहे. समुद्रातील अंतर आपण काढून घेतले, तेव्हा त्याची भरपाई करणे हे आपले काम होते, आणि तेच आम्ही विसरलो.

ती भरपाई तीन प्रकारे करता येते. पहिला प्रकार म्हणजे क्रम. भित्रे व सौम्य मासे आधी सोडावे, आणि आकार पाहून न फसता सहारेघी सर्वांच्या शेवटी सोडावा. दुसरा प्रकार म्हणजे आडोसा. खडक असे रचावे की एका ठिकाणाहून सारी टाकी दिसू नये, आणि प्रत्येकास स्वतःची कपार मिळावी. तिसरा प्रकार म्हणजे झाकण. ते बारीक जाळीचे असावे व कोठेही फट नसावी, कारण सहारेघीही उडी मारणाराच आहे. याखेरीज त्यास त्याच्या जातीचा दुसरा मासा किंवा दुसरा लहान रॅस सोबती देऊ नये. घोडमाशासारखे संथ जीवही त्याजबरोबर ठेवू नयेत. बारीक चिरलेली कोळंबी व गोठविलेले मायसिस झिंगे त्यास दिवसातून दोनतीनदा थोडेथोडे घालावे. भुकेला मासा अधिक भांडतो.

आम्ही आमची चूक पुढे अशी सुधारली. नवा फायरफिश आणून, रोग नाही अशी खात्री होईपर्यंत चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेविला. मग सहारेघीस बाटलीच्या सापळ्यात कोळंबीचे आमिष लावून पकडले. त्या कामास दोन दिवस लागले. भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून त्यास त्याच टाकीत ठेविले, सर्व खडक नव्याने रचले आणि नव्या माशास आत सोडले. दहा दिवस दोघांनी एकमेकांस नुसते पाहिले. अकराव्या दिवशी डबा उघडला. सहारेघी दोनदा धावला, थबकला, आणि मग अनोळखी झालेल्या आपल्या घरात नवी कपार शोधू लागला. दरवेळी असे होईलच असे नाही. काही मासे कधीच निवळत नाहीत, व त्यांस वेगळे ठेवणे हाच उपाय उरतो. आमच्या टाकीत मात्र आज दोघेही नांदत आहेत.

पालकांस एक विनंती आहे. मुलाने हट्ट धरला म्हणून असा मासा वाढदिवसाची भेट देऊ नये. क्लाऊनमाशांची पैदास आता भारतातही टाक्यांत होते. परंतु बाजारात येणारे सहारेघी बहुतेक समुद्रातूनच धरलेले असतात. नीट सांभाळल्यास तो कित्येक वर्षे जगतो. तेवढी वर्षे घरात कोणी त्याचे पाणी पाहणार असेल, तरच तो आणावा. तसेच सहलीस समुद्रावर गेल्यास टाकीसाठी प्रवाळाचे तुकडे उचलू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील प्रवाळांस संरक्षण दिले आहे.

टाकीजवळील फळीवर विद्यार्थ्यांची नोंदवही आहे. तिच्या पहिल्या पानावर मेलेल्या माशाची तारीख आहे, आणि तिजखाली त्या मागच्या बाकावरील मुलाने आपल्या हाताने लिहिले आहे : 'क्रम चुकला. चूक आमची.' नव्या वर्षी वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलास ते पान आम्ही प्रथम वाचावयास देतो, व मगच अन्नाची डबी त्याच्या हाती देतो.