भूत मारायचे नाही, ओळखायचे

प्रश्न : मिहानमधल्या आयटी कंपनीत काम करणारे चार मित्र ‘फॅस्मोफोबिया’ खेळू लागले आहेत. पण काही मिनिटांतच सगळे गारद होतात. कुठे चुकते?

उत्तर : ‘कायनेटिक गेम्स’चा हा खेळ सप्टेंबर २०२० मध्ये आला, एका डावात जास्तीत जास्त चौघे. इथे भूत मारता येत नाही, पुरावे गोळा करून त्याचा प्रकार ओळखायचा असतो.

नवखे घरभर टॉर्च घेऊन भटकतात आणि तिथेच फसतात. अंधारात खेळाडूंची ‘सॅनिटी’ म्हणजे मनाचे संतुलन घटते. चौघांची सरासरी ५० टक्क्यांखाली गेली, की बहुतेक भुते शिकारीला निघू शकतात, काही त्याआधीच! म्हणून आधी मेन स्विच शोधावा, भुताच्या खोलीतला दिवा लावावा.

शिकार सुरू होताच बाहेरचे दार बंद होते. तेव्हा कपाटात शिरावे, हातातली उपकरणे बंद करावीत आणि गप्प बसावे. माइकवरचे बोलणे भुताला खरेच ऐकू येते, आणि हीच या खेळाची सर्वात सुंदर करामत.

एकाने घराबाहेरच्या गाडीत थांबून कॅमेरा व सॅनिटीचा फलक पाहावा. सुरुवात लहान घर आणि ‘अमॅच्युअर’ पातळीवरच करावी. ‘नाइटमेअर’ या कठीण पातळीची घाई नको, तिथे भुताच्या तीन पुराव्यांपैकी एक मिळतच नाही.