लेकरू जपायचं तर अख्खं घर बघा



गटाची बैठक संपत आलेली असते. बचत जमा झाली, हप्ते आले, सह्या झाल्या. मग कोणीतरी हळूच म्हणतं, "वरच्या आळीतली ती पोरगी महिनाभर शाळेत दिसली नाही गं." दुसरी लगेच म्हणते, "तिची आई काय करते मग?" आणि विषय तिथंच संपतो.

आजचा पाठ याच प्रश्नावर आहे. "आई काय करते?" हा प्रश्न अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा: "त्या घरात काय चाललंय?"

एक घर डोळ्यासमोर आणा

हे घर पाठासाठी रचलेलं आहे, पण तुम्हाला ओळखीचं वाटेल. मुलगी तेरा वर्षांची. धाकटा भाऊ दोन वर्षांचा. आईबाप ऊसतोडीला जातात, मुकादमाची उचल अंगावर आहे. बाप दारू पितो, बायकोवर हात टाकतो. आजी थकली आहे. तिला वाटतं, पोरीचं लग्न उरकलं की घोर मिटला. भावाला सांभाळायला म्हणून मुलीला कोपीवर नेतात आणि शाळा सुटते.

आता आपण काय करतो? आईला बोल लावतो. पण ती स्वतः मार खाते आहे. मुलीला ओढून शाळेत बसवतो. मग भावाला कोण बघणार? पुढच्या हंगामात पुन्हा तेच. लग्न थांबवतो, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी गुपचूप उरकतात. एकच गाठ सोडवली तर बाकीच्या गाठी लेकराला पुन्हा आवळतात. म्हणून घरातल्या प्रत्येकाकडे बघायचं.

कोणाला काय हवं आहे?

मुलगी: सगळ्यात आधी तिचं ऐका. एकटीला, निवांत, तिचा विश्वास असलेल्या ताईने विचारावं. "तुला काय वाटतं? कशाची भीती वाटते?" आईबाप तोडीला गेल्यावर मुलांनी गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते. त्यासाठी कुटुंब गाव सोडण्याआधीच मुख्याध्यापकांशी बोला.

धाकटा: दोन वर्षांचं बाळ मुलीच्या कडेवर असेल, तर तिची शाळा सुटणारच. अंगणवाडीत त्याचं नाव आहे का? तोडीच्या काळात त्याला कोण बघणार? हे आधी ठरवा.

आई: तिला धीर द्या, दोष नको. घरगुती हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे. तालुक्यातले संरक्षण अधिकारी तिची तक्रार घेतात. 181 हा महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे. आई सुरक्षित झाली की लेकराला आधार मिळतो.

बाप: "बेवडा" म्हणून सोडून देऊ नका. व्यसन हा आजार आहे, त्याला उपचार आहेत. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करतं. तिथे पेशंटच्या बायकोशी आणि घरच्यांशीही बोलतात, कारण दारू एकजण पितो आणि भोगतं सगळं घर. पण लक्षात ठेवा, व्यसन आजार असलं तरी मारहाणीला माफी नाही.

आजी: तिला कायदा दाखवून दरडावू नका. तिला पोरीची काळजीच आहे. जवळ बसून सांगा, की 18 वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे आणि कोवळ्या वयातलं बाळंतपण पोरीच्या जिवावर बेतू शकतं. समजूत घालूनही तयारी चाललीच असेल, तर ग्रामसेवकांना कळवा. गावपातळीवर तेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत.

कर्ज: इथे गटाची ताकद आहे. सगळी उचल आपण फेडू शकणार नाही. पण दवाखाना, शाळेचा खर्च, किराणा यासाठी अंतर्गत कर्ज वेळेवर मिळालं, तर पुढची उचल तरी कमी घ्यावी लागेल. दशसूत्रीत आरोग्य आणि शिक्षण उगीच आलेलं नाही.

"मुलं उचलून नेतील" ही भीती

पुष्कळ आया या भीतीने तोंड उघडत नाहीत. 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो, की मुलाची जबाबदारी आधी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. अध्यक्ष आणि चार सदस्य मिळून मुलाच्या हिताचा निर्णय घेतात. आईबापांपैकी एक नसेल किंवा गंभीर आजारी असेल, तर मूल घरातच वाढावं म्हणून राज्याची बालसंगोपन योजना आहे. त्यात दरमहा 2,250 रुपये मिळतात. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी करा.

इथे समजूत घालायची नाही

अख्खं घर बघायचं म्हणजे सगळं घरातच मिटवायचं, असं नाही. हे नीट लक्षात घ्या.

मुलाचं लैंगिक शोषण झालं असं कळलं किंवा तसा संशय आला, करणारा सख्खा नातेवाईक असला तरी, बैठक घेऊन मिटवू नका. पैसे घेऊन, माफी मागायला लावून, लग्न लावून, कसंही मिटवायचं नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने ही माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. लपवणं हाही गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो. रात्री त्याला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

लेकराच्या जिवाला धोका असेल तर आधी 112 किंवा 1098 लावा, मग बाकीचं. 1098 हा मुलांसाठीचा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.

गटाने पाळायच्या चार गोष्टी

1. लेकराचं नाव इतिवृत्तात लिहायचं नाही, मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकायचं नाही.
2. त्या घरी दोनच ताईंनी जायचं. अख्खा गट दारात उभा राहिला की घराचं दार बंद होतं.
3. लेकराला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायची नाही.
4. एकदा जाऊन थांबायचं नाही. महिन्याने पुन्हा जायचं: मुलगी शाळेत आहे का? आईच्या अंगावर वळ आहेत का? आजीचं मन बदललं का?

बैठकीत चर्चा करा

- आपल्या गावात ग्राम बाल संरक्षण समिती आहे का? सरपंच तिचे अध्यक्ष असतात. शेवटची बैठक कधी झाली, हे ग्रामसंघाने विचारावं.
- तोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं यंदा कुठे राहणार? दिवाळीआधीच यादी करा.
- आपल्याच गटातल्या एखाद्या ताईच्या घरी असं काही असेल, तर तिला मोकळेपणाने बोलता येईल असं वातावरण आपल्याकडे आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर लाजू नका. पुढच्या बैठकीत पहिली दहा मिनिटं त्यालाच द्या. बचत तर आपण करतोच. ती ज्यांच्यासाठी करतो, ती लेकरं सुखरूप आहेत ना, हेही बघूया.