संत्र्याचा केक

विदर्भात आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काढणीस येतात. केकला सुगंध मिळतो तो मुख्यतः ताज्या सालीतील तेलाचा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. म्हणून सोलण्यापूर्वीच हलक्या हाताने वरचा नारिंगी थर किसावा. आतील पांढरा भाग कडू असतो. तो कडवटपणा साखरेनेही लपत नाही.

दीड वाटी मैदा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, 1 लहान चमचा खाण्याचा सोडा आणि कीस एकत्र करावे. 1 वाटी रस सर्वांत शेवटी घालावा, कारण त्यातील आम्लाचा सोड्याशी संयोग होताच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निर्माण होतात. केक फुगतो तो त्यांच्यामुळे. भट्टी, अथवा तळाशी मीठ पसरलेला, शिटी व रबर काढलेला कुकर आधीच तापलेला हवा. मिश्रण कालवून शेजारणीशी बोलत राहिल्यास केक बसलाच म्हणून समजा! सुमारे 40 मिनिटांनी सुरी खुपसून पाहावी. ती कोरडी निघाल्यास आच बंद करावी.