जुनी पेटी घेतांना

मागील दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील मजकडे आले. कापसाचे पैसे हातीं आले होते, आणि मुलाच्या सरावासाठीं अकोल्याच्या बाजारांत त्यांनीं एक जुनी पेटी पाहून ठेविली होती. “गुरुजी, पेटी दिसाले त चांगली हाये, आवाजबी मोठा हाये; घेऊन टाकू काय जी?” असें त्यांनीं विचारलें. त्यांच्याबरोबर मी अकोल्यास गेलों, त्या पेटीपाशीं अर्धा तास बसलों, आणि “ही घेऊं नका” असें सांगून परत आलों. असें कां सांगितलें हें त्या मुलास समजावें, व ज्या घरांत असाच विचार चालला असेल तेथील पालकांसही उपयोगी पडावें, म्हणून हा पाठ लिहीत आहें.

पेटी हें वाद्य आपल्या देशांत जन्मलेलें नव्हे. पॅरिस येथील अलेक्झांड्र दबें यानें १८४० च्या सुमारास हार्मोनियमचें पेटंट घेतलें. तें यंत्र पायांनीं भाता हलवून वाजविण्याचें होतें, व मिशनरी लोकांच्या सामानाबरोबर तें इकडे आलें. पण आपला गवई जमिनीवर बसतो. ही अडचण ओळखून कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ सालीं हातभात्याची सुटसुटीत पेटी तयार केली, आणि मग ती देवळांत, चर्चमध्यें व भजनी मंडळांत सर्वत्र पोंचली. आपल्या वऱ्हाडांत मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरीनें गांवोगांव भजनाची गोडी लाविली. मीं पाहिलेल्या जुन्या पेट्यांपैकीं पुष्कळ अशाच भजनी मंडळांतून आलेल्या होत्या. भजनाच्या पेटीस विश्रांति ठाऊक नसते, हें घेणाऱ्यानें लक्षांत ठेवावें.

आतां आंतील रचना पाहूं. प्रत्येक पट्टीमागें पितळेची एक पातळ जीभ असते. तिचें एक टोंक पक्कें बसविलेलें व दुसरें मोकळें. तिला रीड म्हणतात. गुजराथेंतील पालिताणा हें गांव या रीडसाठीं प्रसिद्ध आहे. भात्याची हवा जाऊं लागली कीं जीभ कंप पावते. लांब जीभ सावकाश हलते व खालचा सूर देते. आंखूड जीभ जलद हलून वरचा सूर देते. सूर लावणारा कारागीर मोकळ्या टोंकाजवळ किंचित् कानस मारतो, तेव्हां टोंक हलकें होऊन सूर चढतो. मुळाजवळ घासल्यास जीभ लवचिक होऊन सूर उतरतो. मात्र एकदां घासलेलें पितळ परत येत नाहीं. जिचे सूर अनेक वेळां लाविले गेले त्या पेटीच्या रीड पातळ झालेल्या असतात. म्हणून पेटी उघडवून रीडवरील ओरखडे डोळ्यांनीं पाहावे. जो विक्रेता पेटी उघडूं देत नाहीं त्याचा निरोप घ्यावा.

अकोल्याची ती पेटी मीं प्रथम वाजविलीच नाहीं. सर्व खुंट्या बंद करून, एकही पट्टी न दाबतां, नुसता भाता मारला. असें केलें असतां आंतला भाता भरून बाहेरचा भाता हाताला घट्ट लागला पाहिजे. येथें तो सहज हलत राहिला, म्हणजे हवा कोठें तरी फटीतून पळत होती. मग खुंट्या उघडल्या, तों पट्टीस हात न लावतां एक सूर गुणगुणूं लागला. त्या पट्टीखालील झडप नीट बसत नव्हती. हे दोष दुरुस्त होतात. पण त्याचा खर्च किंमतींतून वजा केला पाहिजे.

खरा दोष पुढें सांपडला. पेटींत खर्ज, नर व मादी अशा रीडच्या ओळी असतात. घरच्या सरावास खर्ज व नर या दोन ओळी पुरेशा आहेत. तिसरीनें आवाज मोठा होतो, विद्या मोठी होत नाहीं. दोन ओळी एकत्र उघडून एकेक पट्टी दाबावी. त्या जुळलेल्या असतील तर नाद स्थिर राहतो. नसतील तर त्यांत लाटा उठतात. एक सूर सेकंदास ४४० कंपनांचा व दुसरा ४४२ चा असेल, तर सेकंदास दोन लाटा ऐकूं येतात. सप्तकाच्या अंतरावरील सुरांतही खालच्याचा दुप्पट कंपनांचा उपस्वर वरच्याशीं झगडतो, म्हणून हीच खूण चालते. त्या पेटीच्या ३९ पट्ट्यांपैकीं ११ पट्ट्या डुलत होत्या. हल्लीं मोबाईलवर सूर मोजण्याचीं साधनें आहेत, तींही वापरावीं. पण आधीं कान.

कानाविषयीं मी इतका आग्रही कां, याचें कारण घरचेंच आहे. बारा वर्षांपूर्वीं माझ्या नऊ वर्षांच्या मुलीसाठीं मीं एका दुकानांतून चकचकीत पॉलिशची जुनी पेटी आणिली. तिचा मध्य सप्तकांतील पंचम उतरलेला होता, हें मला कळलें नाहीं. सहा महिने ती मुलगी त्याच पंचमावर गात राहिली. पुढें गायनाच्या बाईंनीं तंबोरा लावून तिला गावयास सांगितलें, तेव्हां ती तंबोऱ्याचाच पंचम चुकला आहे असें म्हणाली! ती संवय जाण्यास दीड वर्ष लागलें. पैसे गेल्याचें मला फारसें वाटलें नाहीं. तिचे तें रडणें मात्र अजून आठवतें.

नीट लागलेली पेटीही सर्वस्वीं निर्दोष नसते, हेंही विद्यार्थ्यांनीं जाणावें. पांढरी एक सेकंदास सुमारें २६१.६ कंपनांची असते. तिचा स्वाभाविक शुद्ध गांधार सव्वापट, म्हणजे ३२७ कंपनांचा. पेटीचा गांधार मात्र ३२९.६ चा, कारण तींत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. शिवाय पेटींत मींड निघत नाहीं. याच आक्षेपांमुळें १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीस बंदी केली, व ती तीस वर्षे टिकली. मला ती बंदी अतिरेकी वाटते. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या वादकांनीं याच पेटीवर मैफली रंगविल्या. तथापि सरावांत पेटीनें सा व प धरून द्यावा आणि गांधार गळ्यानें शोधावा, हें बरें.

ऋतूचाही विचार करावा. आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो. लाकूड आकसून सांधे उघडतात, कातडें कडक होतें. पावसाळ्यांत तेंच लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. थंडींत सर्वच पेट्या शहाण्या वाटतात. म्हणून घाई नसेल तर उन्हाळ्याच्या अखेरीस, मृगाच्या आधीं पेटी पाहावी. तेव्हां तिचीं सारीं छिद्रें उघडीं असतात.

आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं इतकें थांबणें मानलें नाहीं. पण पुढील महिन्यांत अमरावतींतच एका कुटुंबाकडे दोन ओळींची, रंग उडालेली पेटी मिळाली. भाता घट्ट होता, सूर जुळलेले होते. दोन पट्ट्या मात्र मुक्या. त्यांच्या रीडखालीं धूळ बसली होती. पातळ कागदाचा तुकडा हळूच सरकविला तों त्या बोलूं लागल्या. मुलगा आतां रोज सकाळीं काळी एक धरून बसतो. त्याच्या आईस मीं एवढेंच सांगून ठेविलें आहे कीं, उन्हाळ्यांत पेटी कूलरच्या समोर ठेवूं नये. तो ओला वारा पावसाळ्यासारखाच लाकडांत शिरतो.